ग्रहण आणि रसग्रहण

मराठी शिकवणाऱ्या मास्तराला नोकरीबरोबर दोन व्याधी जडतात. एक खडूच्या धुळीचा खोकला आणि दुसरी प्रतीकं शोधण्याची खोड. खोकला निवृत्तीनंतर सहा महिन्यांत गेला. खोड मात्र पेन्शनसारखी दर महिन्याला नेमाने हजर आहे. तेहेतीस वर्षं मी मोहोळच्या पोरांना ‘या कवितेतील दिवा कशाचे प्रतीक आहे?’ असं विचारत आलो. दिवा आशेचं प्रतीक, वाट आयुष्याचं, पाखरू आत्म्याचं, आणि काहीच सुचलं नाही तर समुद्र. समुद्र कशाचंही प्रतीक म्हणून चालतो. शिवाय मोहोळहून तो इतका लांब आहे, की पडताळून पाहायला कुणी जात नाही.

आता घरात दूध उतू गेलं तरी माझ्या मनात पहिला विचार येतो, तो हे कशाचं प्रतीक असावं हा. गॅस बंद करायचं काम ही करते.

अशा माणसाच्या हाती त्याच्या नातवाने जपानी राक्षसांच्या चित्रांचं पुस्तक दिलं तर जे होईल, तेच यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घरी झालं.

नातू बारावीची परीक्षा देऊन पुण्याहून आला. मोहोळच्या उन्हाळ्यात आपण होऊन येणारा माणूस एकतर अतिशय प्रेमळ असतो, नाहीतर पेपर कसे गेले यावरून त्याच्या घरी रोज वाजत असतं. आमच्या नातवाच्या बाबतीत दोन्ही खरं होतं. एस्टी स्टँडवर मी त्याची पिशवी उचलायला गेलो आणि पिशवीसकट तिथेच खाली बसलो.

‘आबा, राहू द्या. पुस्तकं आहेत,’ तो म्हणाला.

माझा ऊर भरून आला. परीक्षा संपल्यावरसुद्धा पुस्तकं! घरी येऊन पाहिलं तर काळ्या चामड्यासारख्या पुठ्ठ्याचे तीन ठोकळे. एकेक इतका जाडजूड, की पंढरीच्या विठोबाला वीट बदलायची झाली तर सहज चालून जावा. किंमत विचारली आणि मनातल्या मनात माझ्या पहिल्या काही पगारांची बेरीज केली. जमेना. गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाच्या किंकाळीने जाग आली. तो देवघरापुढे उभा होता. तिन्ही ठोकळे आमच्या नवनाथाच्या पोथीशेजारी ओळीने मांडलेले, प्रत्येकावर हळदकुंकू, प्रत्येकावर तगरीचं एकेक फूल आणि पुढे निरांजन.

‘आजी! अगं हे काय केलंस? ते बर्सर्क आहे!’

‘असेल,’ ही शांतपणे म्हणाली. ‘परगावी देवांची नावं वेगळी असतात.’

हळदकुंकू पुसता पुसता त्याने मला माहिती दिली. बर्सर्क म्हणजे बेभान झालेला लढवय्या. जपानात चित्रांमधून गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकांना मांगा म्हणतात. हा मांगा केंतारो मिउरा नावाच्या चित्रकाराने १९८९ साली सुरू केला आणि २०२१ साली, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत तो काढतच होता. तीस वर्षांहून अधिक काळ एकच गोष्ट! मला एकदम आपुलकी वाटली. मीही तेहेतीस वर्षं एकच पाठ्यक्रम शिकवला होता.

‘यात काय आहे?’

‘अंधार आहे, आबा. भुतं आहेत, राक्षस आहेत, दुसरं जग आहे. आणि गट्स नावाचा एक माणूस आहे, माणसाएवढी तलवार घेऊन फिरणारा. पण तुम्हाला नाही झेपणार.’

‘नाही झेपणार’ हे शब्द मराठीच्या मास्तरापुढे उच्चारू नयेत. त्याच दुपारी तो झोपल्यावर मी पहिला ठोकळा मांडीवर घेतला. जिथं त्याने एस्टीचं तिकीट खूण म्हणून घातलं होतं, तिथून सुरुवात केली आणि दोन तासांत थक्क झालो. पहिल्याच पानावर आत्म्यांचा एक प्रचंड भोवरा, त्यात एक माणूस ओढला गेलेला. पान उलटलं, तर तो माणूस त्या नरकातून हळूहळू वर येतो आहे! पुढच्या पानावर तो जवळजवळ बाहेर, मग त्याची मुलगी त्याच्यासमोर उभी. मी वही काढली. ‘पापी जीवाचा भोवऱ्यातून उद्धार, अपत्यप्रेम हाच मोक्षाचा मार्ग, काळाच्या उलट्या गतीचे अपूर्व चित्रण,’ असं दोन पानं रसग्रहण लिहिलं. संध्याकाळी चहाबरोबर ते नातवाला वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. आईवडिलांचे संस्कार चांगले आहेत.

‘आबा,’ तो मग हळूच म्हणाला, ‘जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. तुम्ही उलटं वाचलंत.’

म्हणजे तो माणूस वर येत नव्हता, खाली जात होता. त्या सरदाराला स्वतःचा जीव वाचवायला पोटच्या मुलीचा बळी द्यायला सांगतात, तो देत नाही, म्हणून नरकात ओढला जातो. मी वहीतलं पान फाडलं नाही. खाली फक्त ‘किंवा याच्या उलट’ एवढं लिहिलं. प्रतीकांच्या बाबतीत ही सोय असते.

त्यानंतर मात्र मी रीतसर उजवीकडून सुरुवात केली. नातू शेजारी बसायचा, पुढ्यात लांबोटीच्या मक्याच्या चिवड्याचं ताट आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा. सुरुवातीची काही पानं आजोबा आणि नातवाने एकत्र पाहण्यासारखी नव्हती. त्यावर आम्ही न बोलता तोडगा काढला. तसं पान आलं की तो पाणी प्यायला उठायचा आणि मी चष्मा पुसायचो. त्या आठवड्यात तो फार पाणी प्यायला.

आता हे सांगितलं पाहिजे, की मला त्यातली चित्रं परकी वाटेनात. त्या गट्सचा जन्म पाहा. झाडावर फाशी दिलेली माणसं लोंबताहेत, त्यातल्या एका मेलेल्या आईच्या खाली चिखलात हे मूल पडलेलं. मी ओरडलोच, ‘अरे, हा तर वेताळ!’ आमच्या लहानपणी चांदोबात शंकर नावाच्या चित्रकाराने काढलेलं ते चित्र कोण विसरेल? उपसलेली तलवार घेतलेला विक्रम राजा, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान. झाडावरचं प्रेत काढायचं, खांद्यावर घ्यायचं आणि चालायचं. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर प्रेत पुन्हा झाडावर. मी रात्री जेवताना हे सगळं रंगवून सांगितलं.

‘मग त्या लेकराला उचललं कुणी?’ हिने विचारलं. ती भाकरी थापत होती.

‘भाडोत्री सैनिकांची एक टोळी तिथून चालली होती. त्यांच्यातल्या एका बाईने उचललं. तिचं स्वतःचं मूल नुकतंच गेलं होतं.’

भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, पीठ संपलं असेल. मी वेताळाकडे वळलो.

पुढे एक जागा येते तिथं जिनेच जिने आहेत. वर जाणारे, खाली जाणारे, भिंतीवरून आडवे जाणारे. नातवाने मोबाइलवर एक चित्र काढून दाखवलं, एशर या डच चित्रकाराचं, १९५३ सालचं. हुबेहूब तसलेच जिने. मग बॉश नावाच्या दुसऱ्या एका डच चित्रकाराचा नरक दाखवला. हे चित्र पाचशे वर्षांपूर्वीचं, माद्रिदच्या संग्रहालयात आहे. त्यात माणसं वाद्यांना बांधलेली आणि एक पक्षी माणसं गिळतो आहे. मी म्हटलं, यात काय मोठंसं? आमच्या लहानपणी न्हाव्याच्या दुकानात ‘करणी तशी भरणी’चं रंगीत चित्र असायचं. खोटं बोलणाऱ्याची जीभ उपटताहेत, मापात पाप करणाऱ्याला कढईत तळताहेत. वस्तरा मानेवर असताना ते पाहिलेल्या माणसाला युरोपातला नरक काय घाबरवणार! आणि गरुडपुराणात तर तलवारीच्या पात्यांसारखी पानं असलेलं असिपत्रवन आहे, रक्ता-पुवाने वाहणारी वैतरणी आहे. आणि जिन्यांचं म्हणाल, तर कुठल्याही सरकारी कचेरीत जन्माचा दाखला दुरुस्त करायला गेलेल्या माणसाने ते जिने चढलेले असतात.

त्या जिन्यांच्या जगात पाच अमानुष देव राहतात. त्यांना ‘देवाचा हात’ म्हणतात.

‘पाच!’ मी वही उघडली. ‘पंचमहाभूतं! पंचेंद्रियं! पंचप्राण!’

‘आबा, हाताला बोटं पाच असतात.’

गट्सच्या मानेवर डागाची एक खूण आहे. तो बळी द्यायचा माणूस आहे अशी ती खूण, आणि भुतं जवळ आली की तिच्यातून रक्त येतं. मी म्हटलं, जत्रेत बोकडाला कुंकू लावतात तसं. नातू म्हणाला, ‘हे मात्र बरोबर आहे, आबा.’ त्या आठवड्यातले माझे पहिले गुण! मी वहीत त्याखाली लाल रेघ मारली.

शिवाय एक बेहेलिट नावाचा अंड्याएवढा खडा आहे. त्यावर डोळे, नाक, तोंड आहे, पण सगळं विस्कटलेलं. डोळा हनुवटीवर, तोंड कपाळावर. माणूस दुःखाने पुरता खचला आणि त्या खड्याला रक्त लागलं, की डोळे-नाक जागेवर येतात आणि तो किंचाळतो. मग दुसऱ्या जगाचं दार उघडतं आणि सौदा समोर येतो. तुझं सर्वांत प्रिय जे असेल ते दे आणि हवं ते घे. मी त्याला शाळिग्रामापासून गर्भापर्यंत सात अर्थ लावले. ही चित्र पाहून म्हणाली, ‘परवा बाजारातून तुम्ही वांगी आणलीत, त्यातलं एक असंच होतं.’

शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर रोज संध्याकाळी ओसरीवर येतात. आयुष्यभर दुसऱ्यांची कार्डं वाचल्यामुळे कुणाच्याही हातातलं वाचायची त्यांना सवय आहे.

‘काय वाचायलाव मास्तर?’ म्हणत त्यांनी माझ्या मांडीवरच्या पानावर मान वाकवली. त्या पानावर ग्रहणाचं जग होतं. आभाळात काळा सूर्य, आणि खाली जमीन म्हणून जे काही आहे ती नुसती माणसांची तोंडं. पायाखाली तोंडं, टेकडीवर तोंडं, क्षितिजापर्यंत तोंडं. पोस्टमास्तरांनी बराच वेळ पाहिलं.

‘आषाढीचा फोटो हाय व्हय? गर्दी लई हाय.’

हे ग्रहण म्हणजे त्या साऱ्या कथेचा गाभा. ग्रिफिथ नावाचा एक देखणा सेनापती. त्याच्यासाठी जीव टाकणारी माणसं, त्यांत गट्स आणि कास्का नावाची शूर बाई. सेनापती सगळं गमावतो, शरीरसुद्धा. ग्रहण लागतं, तो खडा किंचाळतो, आणि सेनापती राज्याच्या स्वप्नापायी आपल्या सगळ्या माणसांचा बळी देतो. मला शिवलीलामृतातला चिलया बाळ आठवला. पण तिथं शंकर परीक्षा घेतो आणि मूल परत देतो. इथं परत काही मिळत नाही. ती पानं मी दोन-दोन एकदम उलटली. नातू पाणी प्यायला गेला तो बराच वेळ आला नाही.

असं ग्रहण त्या जगात दर दोनशे सोळा वर्षांनी लागतं.

‘दोनशे सोळा!’ मी टाळी वाजवली. ‘म्हणजे एकशे आठ दुणे! हा मिउरा जपमाळ ओढत असला पाहिजे.’

‘बाकी लोक म्हणतात, सहा गुणिले सहा गुणिले सहा. तिकडे सहाचा आकडा सैतानाचा धरतात.’

‘ज्याची त्याची माळ,’ पोस्टमास्तर म्हणाले.

त्या संध्याकाळी वीज गेली. आम्ही सगळे ओसरीवर बसलो. ही सुपात ज्वारी घेऊन उरलेल्या उजेडात खडे वेचत होती. मी माझ्या वहीतले अर्थ एकामागून एक सांगत होतो. नातू म्हणाला, ‘आबा, तुम्हाला एक गंमत सांगतो. या सगळ्याचा अर्थ सांगणारं एक प्रकरण होतं.’

‘होतं म्हणजे?’

‘त्र्याऐंशीवं. ग्रिफिथ त्या जगाच्या अगदी तळाशी जातो. तिथं एक मोठं, धडधडणाऱ्या काळजासारखं काहीतरी आहे. तोच तिथला देव. तो सांगतो, माणसांना आपल्या दुःखाला कारण हवं होतं. आम्ही का भोगतो याला काहीतरी कारण असलंच पाहिजे, असं सगळ्यांना वाटत होतं. त्या वाटण्यातूनच मी जन्मलो.’

मी उठून उभाच राहिलो. ‘अरे, हे तर सगळ्याचं सार! हे आधी का नाही सांगितलंस? कुठल्या ठोकळ्यात आहे?’

‘कुठल्याच नाही. मासिकात आलं होतं. पुस्तक निघालं तेव्हा मिउराने ते घेऊ दिलं नाही. फारच सांगून टाकलं असं त्याला वाटलं.’

मला खरंच वाईट वाटलं. म्हणजे पोराने नेमकं उत्तर लिहिलं आणि पेपर देताना खोडून टाकलं! तेहेतीस वर्षांत असा विद्यार्थी मला भेटला नाही. नातू म्हणाला, अजून ऐका. मिउरा गेला तेव्हा गोष्ट अर्धवट होती. पण फार वर्षांपूर्वी त्याने कोउजी मोरी नावाच्या आपल्या शाळेपासूनच्या मित्राला ती शेवटापर्यंत सांगितली होती. २०२२ सालापासून तो मित्र आणि मिउराचे शिष्य ती पुढे नेताहेत. आणि मित्राने आधीच जाहीर केलं, की मिउराने मला सांगितलं तेवढंच मी सांगणार, पदरचं काही घालणार नाही.

‘पदरचं घातल्याशिवाय रसग्रहण कसं होईल?’ मी म्हणालो.

‘ते प्रकरण काढलं ते बरं केलं,’ ही म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. ती सुपाकडेच पाहत होती.

‘त्या ग्रहणात कुणी पोटुशी बाई होती का रे?’

नातू घुटमळला. त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘होती, आजी. कास्का.’

‘तिने काही चिरलं होतं का?’

‘नाही,’ तो गोंधळून म्हणाला. ‘तिने काहीच केलं नव्हतं.’

आता हे नातवाला माहीत नाही, आणि त्याच्या बापालाही नीटसं माहीत नाही. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. दुपारचं सूर्यग्रहण. खग्रासाचा पट्टा आमच्या खालून, कर्नाटक, आंध्रातून ओरिसाकडे गेला. मोहोळात सूर्याची बारीक कोर राहिली. गावात चिटपाखरू नव्हतं. मी तेव्हा नवा मास्तर, अंगात विज्ञान संचारलेलं. सातआठ पोरं गोळा केली आणि चिंचेखाली नेली. पानांच्या फटींतून जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात ना, ते त्या दिवशी सगळे चंद्रकोरीसारखे झाले होते. शेकडो कोरी मातीवर. मी पोरांना सांगितलं, भिऊ नका, ही नुसती सावली आहे. पोरं भ्यायली नाहीत. त्या दिवसाचा मला पुढे किती वर्षं अभिमान होता.

घरी ही सात महिन्यांची गरोदर होती. माझ्या आईने तिला आतल्या खोलीत बसवलं होतं. काही खायचं नाही, चिरायचं नाही, हलायचं नाही. तीन आठवड्यांनी वेळेआधीच मुलगी झाली आणि एक दिवस जगली.

मग प्रत्येकाकडे कारण होतं. आई म्हणाली, ग्रहण लागलं. कुणी पत्रिका काढली, कुणी नागाचं काही राहिलं असेल म्हणून नागनाथाला जाऊन या म्हणालं. मी आईशी भांडलो, सूर्य-चंद्र-पृथ्वीची आकृती काढून दाखवली. त्या भांडणात मी जिंकलो. त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही, आणि मला वाटलं, विषय संपला.

‘मी पेरू चिरला होता,’ ही म्हणाली.

सुपातले दाणे तिने एका बाजूला ओढले. ‘भूक लागली होती हो फार. कोनाड्यात पेरू होता, तिथंच विळी होती. चार फोडी केल्या. तीनच खाल्ल्या, चौथी भीतीने टाकून दिली.’

‘मला का नाही सांगितलंस इतकी वर्षं?’

‘तुम्ही विज्ञान सांगितलं असतं.’

खरं होतं. सांगितलंच असतं. तेव्हाही, आणि त्या क्षणीसुद्धा माझ्या जिभेच्या टोकावर चंद्राची सावली तयार होती. सावलीचा पेरूशी काय संबंध, वेळेआधी जन्मलेल्या मुलांना त्या काळी वाचवणं किती अवघड होतं, सगळं बिनचूक उत्तर. आईचं उत्तर चूक होतं आणि माझं बरोबर, पण दोघांनीही ते तिला तिने विचारायच्या आतच देऊन टाकलं होतं. मी गप्प बसलो. डोक्याची शकलं वगैरे काही झाली नाहीत.

नातू केव्हा उठून तिच्या शेजारी जाऊन बसला ते मला कळलं नाही. काय झालं असावं याचा त्याला अंदाज आला होता. त्याने विचारलं काहीच नाही. थोड्या वेळाने म्हणाला, ‘आजी, त्या कास्काचं मूल पुढे येतं.’

‘कुठं येतं?’

‘पौर्णिमेच्या रात्री येतं. आईबापांजवळ एक रात्र राहतं आणि सकाळी जातं. बोलत नाही. नुसतं येऊन मांडीत बसतं.’ त्याने मोबाइलवर पान काढलं. ‘मिउराने स्वतः काढलेलं शेवटचं प्रकरण याच मुलाचं आहे.’

मोबाइलचा उजेड हिच्या तोंडावर पडला. तिने चष्मा वर केला, खाली केला. मी माझ्या जागेवरून काही विचारलं नाही. पौर्णिमा कशाचं प्रतीक, मूल कशाचं, हे माझ्या मनात आलंच नाही असं म्हणणार नाही. सवय आहे, आलं. पण वही आत होती आणि वीज नव्हती.

‘केस किती वाढलेत लेकराचे,’ ती बऱ्याच वेळाने म्हणाली. ‘कुणी तेल लावतं की नाही?’

‘लावत असतील,’ नातू म्हणाला.

‘बरं,’ ती म्हणाली, आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

चार दिवसांनी नातू पुण्याला परत निघाला. सीईटी जवळ आली होती. शेंगाची चटणी, कडक भाकरी, चिवडा वगैरे भरल्यावर पिशवीत दोनच ठोकळे मावले. तिसरा त्याने आजीपाशी ठेवला. ‘पुढच्या वेळी नेईन,’ म्हणाला. पुढची वेळ आली की आणखी दोन आणणार आहे, हे त्याने मला एस्टीच्या खिडकीतून हळूच सांगितलं. मी वहीतली अर्थांची पानं त्याला देऊ केली. ‘तुमच्याकडेच राहू द्या, आबा,’ तो म्हणाला. संस्कार खरोखरच चांगले आहेत.

तो ठोकळा आता देवघरात आहे, नवनाथाच्या पोथीशेजारी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. हळदकुंकू नाही, पुठ्ठा खराब होतो म्हणून नातू ओरडतो. मी एकदा म्हणालो, ‘अगं, ती पोथी नाही.’

‘माहीत आहे मला,’ ती म्हणाली. ‘तिथं वाळवी लागत नाही.’

परवा पौर्णिमेला पोस्टमास्तर प्रसादाला आले. देवघरासमोर वाकताना त्यांना ते नवं बासन दिसलं.

‘वैनी, ही कुठली पोथी म्हणायची?’

‘जपानी,’ ही म्हणाली.

पोस्टमास्तरांनी क्षणभर विचार केला, मग त्या बासनालाही हात जोडले आणि प्रसादाचा द्रोण घेऊन ओसरीवर जाऊन बसले.